प्रवासात भाड्याचं घर घ्यावं का? अनुभव कुठे जमतो, कुठे फसतो

प्रश्न असा आहे: पाच जणांचं कुटुंब, त्यात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि एक लहान मूल. आठवडाभराच्या मुक्कामासाठी हॉटेलच्या दोन-तीन खोल्या घ्याव्यात की एखादं अख्खं घर भाड्यानं घ्यावं? ओळखीतले निम्मे लोक म्हणतात, एकदा घरात राहिलात की हॉटेल नको वाटेल. उरलेले म्हणतात, पुन्हा त्या वाटेला जाणार नाही. विश्वास कोणावर ठेवायचा?

प्रवाशांना अशी घरं निवडून देणं आणि मुक्कामात काही बिनसलं तर मध्ये पडून ते निस्तरणं, हे माझं काम आहे. बरीच वर्षं दोन्ही बाजूंचं ऐकत आले आहे आणि दोन्ही बाजू खरंच बोलतात. हॉटेलात खाली काउंटर असतो. गरम पाणी येईना, किल्ली चालेना, शेजारच्या खोलीत गोंधळ चाललाय, की रात्री दोन वाजता खाली जाऊन सांगता येतं आणि नाइलाजानं का होईना, कोणीतरी खोली बदलून देतं. घराला काउंटर नसतो. घर सुरळीत चालू आहे तोवर ते हॉटेलपेक्षा कितीतरी सुखाचं असतं. काही बिघडलं, की सगळं एकाच गोष्टीवर येऊन ठेपतं: त्या घरामागे कोण माणूस आहे आणि तो फोन उचलतो का.

माझ्याकडची दोन प्रकरणं सांगते. दोन्ही कुटुंबांच्या घरात पहिल्याच रात्री पाणी तापवायचं यंत्र बंद पडलं. एका ठिकाणी मालकीणबाईंनी दहा मिनिटांत उत्तर दिलं, शेजाऱ्याला पाठवून तात्पुरती सोय केली, सकाळी माणूस पाठवून दुरुस्ती करून घेतली आणि न मागता एका रात्रीचे पैसे परत केले. ते कुटुंब आजही त्या घराचं कौतुक करतं. दुसऱ्या ठिकाणी तीन दिवस फक्त ‘टीमला कळवलं आहे’ एवढाच मेसेज येत राहिला. बिघाड तोच होता. त्यामुळे घर शोधताना मी फोटोंच्या आधी मालक शोधते.

मालकांचे ढोबळमानानं दोन प्रकार. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत ब्रायन चेस्की आणि जो गेबिया यांनी भाडं भरता यावं म्हणून स्वतःच्या राहत्या घरात हवेच्या गाद्या टाकून तीन पाहुणे ठेवले, त्यातून पुढच्या वर्षी एअरबीएनबी ही घरं भाड्यानं मिळवून देणारी साइट उभी राहिली. त्या कल्पनेत मालक घरातच होता. आता बहुतेक लोक अख्खं घर घेतात आणि त्यातली पुष्कळ घरं व्यवस्थापन करणाऱ्या कंपन्या चालवतात. एकाच प्रोफाइलखाली डझनावारी घरं दिसतात ती अशी. कंपनी म्हणजे वाईट असं मुळीच नाही. जादा किल्ली, ठरलेला प्लंबर, सफाईची टीम, गरज पडली तर दुसरं घर, हे सगळं तिच्याकडे असतं. मात्र तुमचं म्हणणं तीन हातांतून जातं आणि निर्णय घेणारा माणूस सापडत नाही. एकच घर असलेला मालक घराची काळजी मनापासून घेतो, पण तो आजारी पडला किंवा स्वतःच प्रवासाला गेला की मागे कोणी नसतं. म्हणून प्रोफाइल उघडून बघा: किती घरं आहेत, मदतीला दुसरा कोणी यजमान जोडलेला आहे का, उत्तरं कोण देतंय.

त्याहून खात्रीची परीक्षा म्हणजे बुकिंगच्या आधी एक मेसेज टाकणं. ‘घर छान आहे ना?’ असं विचारून काही हाती लागत नाही. नेमकं विचारा. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? लिफ्ट तळमजल्यापासून आहे की अर्धा मजला चढून गेल्यावर? बाथरूममध्ये टबात चढून अंघोळ करावी लागते की पाय न उचलता आत जाता येतं? दुसरा पलंग खरा पलंग आहे की सोफा उघडून होणारा? आम्ही रात्री अकराला पोहोचलो आणि दाराशी ठेवलेली, आकडा लावून उघडायची किल्लीची पेटी उघडली नाही, तर फोन कोणाला करायचा? शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. ‘माझी बहीण दोन गल्ल्या सोडून राहते, तिचा नंबर देऊन ठेवते’ असं उत्तर आलं, तर निम्मी काळजी मिटली. ‘सगळी माहिती बुकिंगनंतर मिळेल’ असा तयार मजकूर आला, तर दुसरं घर बघा. आणि हे सगळं बोलणं साइटच्याच मेसेजमध्ये करा. ‘लिफ्ट आहे’ हे फोनवर सांगितलेलं नंतर सिद्ध करता येत नाही, लेखी असेल तर त्याच्या जोरावर पैसे परत मागता येतात.

आता रिव्ह्यूंविषयी जरा सविस्तर बोलायला हवं, कारण लोक सर्वात जास्त फसतात ते इथे. सगळीच घरं चांगली दिसतात. झर्व्हास, प्रोझर्पिओ आणि बायर्स या संशोधकांनी २०१५ मध्ये एअरबीएनबीवरच्या लाखो घरांचे गुण तपासले, तेव्हा सुमारे ९५ टक्के घरांची सरासरी साडेचार किंवा पाच तारे निघाली. हॉटेलांच्या गुणांमध्ये इतका एकसारखेपणा नसतो. कारण समजण्यासारखं आहे. ज्यानं हसून किल्ली दिली, पोहोचलात का म्हणून विचारलं, त्या माणसाला तीन तारे देताना हात आखडतो. शिवाय यजमानही पाहुण्याबद्दल लिहितो. पूर्वी एकाचं लिखाण दुसऱ्याला आधी दिसायचं आणि उट्टं काढण्याची भीती असायची. २०१४ पासून दोघांनी लिहिल्यावर, किंवा १४ दिवसांची मुदत संपल्यावर, रिव्ह्यू एकदम दिसू लागले. त्यानं थोडा मोकळेपणा आला, पण भिडस्तपणा गेला नाही.

म्हणून मी सरासरी आकड्याकडे फार बघत नाही. इथल्या मोजपट्टीवर ४.६ म्हणजे ‘थांबा, वाचा’ असा अर्थ होतो. वाचताना आधी सगळ्यात नवे रिव्ह्यू, कारण दोन वर्षांपूर्वीची गादी आज तीच असेल असं नाही आणि कधीकधी घर चालवणारा माणूसही बदललेला असतो. मग मधल्या गुणांचे. एक तारा देणारा रागात असतो, पाच देणारा पुष्कळदा घाईत. चार तारे देणारा माणूस थांबून लिहितो. रिव्ह्यूंच्या शोधपेटीत ‘आवाज’, ‘वास’, ‘थंडी’, ‘पायऱ्या’ असे शब्द रिव्ह्यू ज्या भाषेत आहेत त्या भाषेत टाकून बघा. ‘शहराच्या गजबजाटाचा अनुभव मिळतो’ हे वाक्य दिसलं, तर तिथे झोप लागणार नाही असं समजा. ‘हलकी झोप असणाऱ्यांनी कानात बोळे न्यावेत’ हे तर उघडच आहे.

न लिहिलेलंही वाचावं लागतं. वीस जण जागेचं आणि यजमानाच्या बोलण्याचं कौतुक करतात, पण स्वच्छतेबद्दल आणि पलंगाबद्दल एकही ओळ नाही, असं दिसलं की मी सावध होते. आणि लिहिणारे कोण आहेत? एका रात्रीपुरता उतरलेला एकटा माणूस जिना बघत नाही, स्वयंपाकघर उघडत नाही. तुमच्यासारखं, म्हातारी माणसं आणि मूल घेऊन गेलेलं एखादं कुटुंब सापडलं, तर त्यांचा एक परिच्छेद बाकीच्या पन्नासांपेक्षा मोलाचा. सर्वात शेवटी यजमानाची उत्तरं वाचा. तक्रारीला त्यानं काय म्हटलंय? ‘कळवल्याबद्दल आभार, पडदे बदलले’ असं म्हणणारा आणि ‘या पाहुण्यांना कशातच समाधान नव्हतं’ असं म्हणणारा, यांतला कोण तुमच्या अडचणीच्या वेळी कामाला येईल हे वेगळं सांगायला नको.

फोटोंबद्दल थोडक्यात. रुंद कोनाच्या लेन्सनं खोली दुप्पट वाटते, म्हणून भिंतींऐवजी ओळखीच्या वस्तू बघा. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये माणूस उभा राहील का? बाथरूमचा फोटो नाही, किंवा फक्त नळाचा जवळून काढलेला आहे, तर मागून घ्या. खिडकीतून बाहेर काय दिसतं ते दाखवलेलं नसेल, तर समोर भिंत असण्याची शक्यता धरा. ‘सहा जण राहू शकतात, दोन शयनगृहं’ याचा अर्थ दोन माणसं बैठकीत झोपणार. घराचा नेमका पत्ता बुकिंगनंतरच कळतो आणि आधी नकाशावर नुसतं वर्तुळ दिसतं. यात लबाडी नाही, घराच्या सुरक्षिततेसाठी तसं ठेवतात. पण वर्तुळात डोंगराचा चढ किंवा मोठा रस्ता येत असेल, तर आपण त्याच्या कोणत्या बाजूला असू, हे विचारायला काहीच हरकत नाही.

पैशांचा हिशेब करताना रात्रीचा दर सोडून द्या आणि शेवटची रक्कम बघा. सफाईचं शुल्क एका मुक्कामाला एकदाच लागतं. एक रात्र राहिलात तर ते सगळं त्या एका रात्रीवर पडतं, सात रात्री राहिलात तर सातांत वाटलं जातं. एकदोन रात्रींसाठी घर घेणाऱ्यांना ते महाग का पडतं, याचं उत्तर बरंचसं इथे आहे. शुल्क लपवून कमी दर दाखवण्याबद्दल इतका ओरडा झाला, की एअरबीएनबीनं एप्रिल २०२५ पासून जगभर शोधतानाच शुल्कासह (कर वगळून) एकूण रक्कम दाखवायला सुरुवात केली, आणि अमेरिकेत तर मे २०२५ पासून तसा सरकारी नियमच लागू झाला. तरीही घराचे नियम उघडून वाचाच. चादरी काढून यंत्रात टाका, कचरा वेगळा करून खाली न्या, भांडी घासून ठेवा अशी लांबलचक यादी आणि वर सफाईचं भरघोस शुल्क, हे दोन्ही एकत्र दिसलं तर मला ते घर पटत नाही. निघायच्या सकाळी मूल सांभाळत हे सगळं कोण करणार?

सगळ्यात त्रासाचा अनुभव मात्र घाणेरड्या घराचा नसतो. निघायच्या आदल्या दिवशी यजमान बुकिंग रद्द करतो, तो असतो. पैसे परत मिळतात, पण त्या पैशांत त्या दिवशी दुसरं काही मिळत नाही. हे कधी दोन साइटवरचं कॅलेंडर वेळेवर न जुळल्यानं होतं, कधी मोठ्या सामन्यामुळे किंवा उत्सवामुळे दर वाढल्यावर मालकाला मोह होतो म्हणून, आणि कधी कायद्यामुळे. जपानमध्ये जून २०१८ मध्ये नवा कायदा लागू झाला. नोंदणी सक्तीची झाली, वर्षाला जास्तीत जास्त १८० दिवसांची मर्यादा आली, आणि त्याच्या तोंडावर बिननोंदणीची असंख्य घरं साइटवरून उतरवली गेली. लोकांची आधी केलेली बुकिंग हवेत विरली. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून तीस दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाची नोंदणी लागते, तो स्वतः घरात राहत असावा लागतो आणि पाहुणे दोनांपेक्षा जास्त चालत नाहीत. म्हणजे तिथे पाच जणांसाठी अख्खं घर एका आठवड्याला कोणी देऊ करत असेल, तर तो मुळातच नियमात बसत नाही. बार्सिलोनानं तर २०२८ च्या नोव्हेंबरपर्यंत पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या फ्लॅटचे सगळे परवाने संपवण्याचं जाहीर केलं आहे. शहरांच्या बाजूनं यात तथ्य आहे, राहत्या लोकांना घरं मिळेनाशी झाली आहेत. प्रवाशानं करायची गोष्ट एवढीच: जिथे नोंदणी लागते तिथे जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का ते बघा आणि नसेल तर स्वस्त असलं तरी सोडा.

फसवणुकीचे मार्ग मोजकेच आहेत आणि पुन्हा पुन्हा तेच येतात. पहिला म्हणजे ‘साइटबाहेर पैसे पाठवा, स्वस्त पडेल’. हे वाक्य आलं की तिथेच थांबा. बाहेर पैसे गेले की मध्यस्थ कंपनीचं कुठलंच संरक्षण उरत नाही. दुसरा मार्ग ऐन वेळी घर बदलण्याचा. पोहोचायच्या तासभर आधी फोन येतो, ‘पाइप फुटला आहे, पण आमचं दुसरं मोठं घर रिकामं आहे’. २०१९ मध्ये व्हाइस या प्रकाशनानं अमेरिकेतल्या अनेक शहरांत खोट्या नावांनी चालणारा हा प्रकार उघडकीला आणला, आणि थोड्याच दिवसांत एअरबीएनबीला सगळ्या घरांची पडताळणी करण्याचं जाहीर करावं लागलं. पाइप खरोखरही फुटतात, म्हणून प्रत्येक मालकाला चोर ठरवू नका. पण बदल साइटवर नोंदवल्याशिवाय आणि त्या दुसऱ्या घराचे फोटो बघितल्याशिवाय हलू नका. तोंडी ‘बरं’ म्हटलंत, तर कागदावर तुम्ही स्वतःहून मूळ घर नाकारलं असं दिसतं.

घरात पाऊल टाकल्यानंतरचा पहिला तास फार मोलाचा. सामान उघडायच्या आधी एकानं फोनवर व्हिडिओ सुरू करून सगळ्या खोल्यांतून फिरावं: पलंग, गाद्यांच्या शिवणी, बाथरूम, आधीपासूनचे ओरखडे, तुटलेलं काही असेल ते. दुसऱ्यानं गरम पाणी, फ्लश, दाराचं कुलूप, वायफाय बघावं. काही चुकीचं दिसलं तर त्याच संध्याकाळी साइटवरून फोटोसकट लिहा आणि काय हवंय तेही लिहा: दुरुस्ती, काही रक्कम परत, की दुसरं घर. नुसती नाराजी कळवली तर उत्तरात नुसती दिलगिरी येते. एअरबीएनबीवर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत कळवावं लागतं, इतरांच्या मुदती वेगळ्या आहेत. लोक सभ्यपणे सहन करतात आणि घरी परतल्यावर चिडून लिहितात. तोपर्यंत मुदत टळलेली असते, आणि ‘इतकं वाईट होतं तर सहा रात्री राहिलात कसे?’ या प्रश्नाला उत्तर नसतं.

त्याच फेरीत छताकडे बघा. धुराचा इशारा देणारं यंत्र आहे का? आणि गॅसवर चालणारा हीटर, गीझर किंवा शेकोटी असेल, तर कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं? या वायूला रंग नाही, वास नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये मेक्सिको सिटीतल्या एका भाड्याच्या घरात तीन तरुण प्रवासी त्यानं गेले. हे मी प्रत्येक कुटुंबाला सांगते आणि घाबरवण्यासाठी सांगत नाही. हाताच्या तळव्याएवढं, बॅटरीवर चालणारं यंत्र बॅगेत ठेवता येतं, ते घेऊनच जा. घरातल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखायला लागलं, मळमळायला लागलं, तर प्रवासाचा शीण समजून झोपू नका. आधी सगळ्यांना बाहेर काढा, मग फोन करा.

कॅमेऱ्यांची भीती बहुतेकांच्या मनात असते. ३० एप्रिल २०२४ पासून एअरबीएनबीनं घराच्या आतल्या कॅमेऱ्यांवर पूर्ण बंदी घातली आहे, मालकानं आधी सांगितलं असलं तरीही. बाहेरचा कॅमेरा चालतो, पण तो जाहिरातीत लिहिलेला हवा. पलंगाकडे किंवा बाथरूमकडे तोंड केलेलं घड्याळ, चार्जर, धुराचं यंत्र विनाकारण तिथे आहे असं वाटलं तर बघून घ्या. खरंच काही सापडलं, तर त्याचा फोटो काढा, घराबाहेर पडा आणि पोलीस व कंपनी दोघांनाही कळवा. मालकाशी वाद घालत तिथे थांबू नका.

तुमच्या कुटुंबापुरतं माझं मत स्पष्ट आहे: सात रात्री एकाच ठिकाणी असाल तर घर घ्या. आईवडिलांना हवं तेव्हा उठून चहा करता येतो, मुलाच्या झोपेच्या वेळी बाकीच्यांना दिवा मालवून अंधारात बसावं लागत नाही, कपडे धुता येतात, औषधं फ्रिजमध्ये राहतात. संध्याकाळी पाचही जण एका खोलीत बसतात, हे हॉटेलच्या तीन खोल्यांत कधी होत नाही. जी कुटुंबं खूश होऊन परत येतात ती बहुतेक याच एका गोष्टीबद्दल बोलतात. पण विमान किंवा गाडी रात्री उशिरा पोहोचणार असेल, तर ती पहिली रात्र हॉटेलात काढा आणि घरात उजेडी जा. थकलेलं मूल आणि गुडघे धरून उभे असलेले वडील घेऊन अंधारात किल्लीच्या पेटीचा आकडा लावत बसणं, ही वेळ टाळता येण्यासारखी आहे. आणि वडिलांची तब्येत रोज कोणीतरी हाकेच्या अंतरावर हवं अशी असेल, तर मात्र हॉटेलच बरं.

पाहुण्याच्या बाजूनंही एक गोष्ट आहे. अशी घरं बहुतेक राहत्या इमारतींत असतात आणि भिंतीपलीकडच्या माणसाला सकाळी कामावर जायचं असतं. जिन्यात चाकांच्या बॅगा उचलून न्या, किती जण येणार तो खरा आकडा सांगा, एखादी वस्तू फुटली तर तुम्हीच आधी कळवा. आधी कळवलेल्या पेल्याचे पैसे बहुतेक मालक घेतही नाहीत, लपवलेल्याचे मात्र वसूल करतात.

निघताना पुन्हा एकदा तोच व्हिडिओ काढा, रिकाम्या घराचा, दार लावेपर्यंतचा. एअरबीएनबीवर मालकाला तुम्ही गेल्यानंतर १४ दिवसांपर्यंत नुकसानभरपाई मागता येते, तेव्हा निदान तेवढे दिवस तो फोनमधून पुसू नका. आणि त्याच मुदतीत रिव्ह्यू लिहा. ‘छान घर’ एवढ्यावर थांबू नका. पायऱ्या किती, रात्री आवाज किती, पाणी तापायला वेळ किती, आणि काही बिघडलं तेव्हा मालक किती वेळात आला, हे लिहा. तुमच्यानंतर कोणीतरी आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन त्याच घराचा विचार करत असेल आणि तुमच्या ओळी शोधत असेल.